पहिलं वाक्य राहू द्या

घरात तिला सगळे लवंगी म्हणायचे. उंचीने बेताची, अंगाने काडी, आणि तोंड उघडलं की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी. आता ती अडतीस वर्षांची झाली होती, तरी हे नाव काही सुटलं नव्हतं. इस्पितळात मात्र तिची ही बाजू कुणाला ठाऊक नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट होती. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा चमचा धरायला, गुडघा बदललेल्या आजीला पुन्हा जिना चढायला शिकवण्यात तिची तेरा वर्षं गेली होती. एका बोटाची एकच हालचाल ती चाळीस वेळा करून घ्यायची आणि एकेचाळिसाव्या वेळीही तितक्याच शांतपणे म्हणायची, "छान. अजून एकदा."

त्या वर्षी तिने नोकरी सोडून स्वतःचं उपचार केंद्र काढायचं ठरवलं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशेजारी दोन खोल्या मिळाल्या. तिला तळमजलाच हवा होता, कारण जिने चढता आले असते तर माणसं तिच्याकडे आलीच कशाला असती? भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा लागला, चालायच्या सरावाचे दोन समांतर दांडे बसले, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा उभा राहिला. राहिली होती फक्त वेबसाइट.

ते काम तिने पेंटरला दिलं. हा माणूस पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्यांचे दिवस सरले तेव्हा वयाच्या पन्नाशीत संगणक शिकला आणि वेबसाइट बनवायला लागला, पण लोक अजूनही त्याला पेंटरच म्हणत. त्याने पहिल्याच दिवशी तिला एक काम लावलं.

"आधी एक करा," तो म्हणाला. "तुम्हाला न ओळखणारं कुणी तुमचं नाव शोधेल ना, तसं शोधा. नुसतं पहिलं पान नाही, चांगली तीन-चार पानं खोल जा. दिसेल ते लिहून काढा. मग बोलू."

"मी काय गुन्हेगार आहे?"

"गुन्हेगारांचं सोपं असतं हो. त्यांना आपलं काय काय बाहेर आहे ते पाठ असतं."

रविवारी सकाळी चहा घेऊन ती बसली. पहिल्या पानावर तिच्याच नावाची कुठली तरी पोहणारी मुलगी होती, तिला कांस्यपदक मिळालं होतं. मग एका परिषदेतला फोटो, त्यात बाकी सगळे हसताहेत आणि हिच्या तोंडात घास. मावसभावाने टाकलेला नाचाचा व्हिडिओ. एका रुग्णाच्या मुलाने वर्तमानपत्राला लिहिलेलं आभाराचं पत्र. ते वाचून ती जराशी फुललीही. आणि तिसऱ्या पानावर, तळाला, ग्राहकांचे बरे-वाईट अनुभव छापणाऱ्या एका जुन्या साइटवर तिला तिचं पूर्ण नाव दिसलं. मजकूर चौदा वर्षांपूर्वीचा होता.

"माझ्या बहिणीच्या लग्नाचा पोशाख यांनी खांद्यात घट्ट शिवला आणि दोन दिवस उशिरा दिला. उरलेलं कापड या बाईंनी चोरलं. वर तोंड करून म्हणतात, कापडच कमी होतं! यांच्याकडे चिंधीसुद्धा शिवायला देऊ नका."

वर दुकानाचं नाव आणि पत्ता होता. तिचाच मजकूर, शब्द न शब्द.

तिला सगळं आठवलं. बाबा तेव्हा जहाजावर होते. परमुलुखातून त्यांनी मोरपिशी रेशमाचं कापड पाठवलं होतं. ते शिवायला दिलं त्या बाई चौकातल्या दुकानात बसायच्या, कामात चोख म्हणून ओळखल्या जायच्या. पोशाख आला तो लग्नाच्या आदल्या दिवशी. ताईचे हात वर होईनात, घोळ आखूड, आणि कापड तर म्हणे पुरलंच नाही. ताई गप्प बसून रडली. लवंगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने त्याच संध्याकाळी हे लिहिलं आणि लग्नाच्या गडबडीत विसरूनही गेली.

आता वाचताना तिचे कान तापले. पण खरं सांगायचं तर तिला पहिली काळजी स्वतःचीच वाटली. एखाद्या रुग्णाच्या मुलीने हे वाचलं तर? आपल्या आईला असल्या तोंडाळ बाईच्या हाती ती देईल? तिने तो मजकूर काढून टाकायचा प्रयत्न केला, पण पासवर्ड आठवेना, आणि त्या काळातला कॉलेजचा ईमेल केव्हाच बंद झाला होता.

पेंटरने ऐकून घेतलं. "निघत नसेल तर खाली ढकलू. तुमच्या नावाची आठ-दहा चांगली पानं टाकतो. पाठदुखीवर दोन लेख, एखादी मुलाखत. सहा महिन्यांत हे इतकं खाली जाईल की शोधणाऱ्याला फावडं लागेल."

तिचा जीव भांड्यात पडला. प्रकरण तिथेच मिटलंही असतं.

पण दोन दिवसांनी इस्पितळात जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा आवरता आवरता, तिने सहज त्या शिवणवाल्या बाईंच्या दुकानाचं नाव टाकून पाहिलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. पहिल्याच ओळीला तिचा मजकूर आला. दुसऱ्या ओळीला काही नव्हतं. त्या बाईंचा एक फोटो नाही, कुणाचे दोन बरे शब्द नाहीत. चौदा वर्षं त्या बाईंबद्दल जगाला जे काही दिसत होतं, ते एवढंच. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दोनशे बारा जणांना हा अनुभव उपयोगी वाटला.

लवंगीने डब्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या शहरात असायची.

"तुझ्या लग्नाच्या पोशाखाचं आठवतं तुला? ते कापड?"

पलीकडे ताईच्या घरातला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"ताई?"

"ऐकतेय. आज कुठून आठवलं हे?"

लवंगीने सांगितलं. ताईने श्वास सोडला. "तू रागावशील आता. ते कापड सापडलं गं. चार वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिचं कपाट आवरलं ना मी, तेव्हा. आईने शिवायला द्यायच्या आधीच तुकडा कापून ठेवला होता. वर चिठ्ठीही होती टाचलेली, 'बाळाच्या झबल्यासाठी'. पुढे तिचं आजारपण सुरू झालं, तिच्या लक्षातही राहिलं नसेल."

"चार वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? मला वाटलं तू विसरलीस. तू दुकानात जाऊन भांडलीस एवढंच मला माहीत. लिहिलंयस हे मला आत्ता कळतंय."

तुकडा किती आहे ते मोजून कळवायला सांगून लवंगीने फोन ठेवला.

शनिवारी ती चौकात गेली. दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसला होता. शेजारच्या चष्मेवाल्याने मात्र सांगितलं, बाई आहेत, मागच्या गल्लीत, घरूनच काम करतात. निळं दार. बेल वाजत नाही, कडी वाजवा.

दार सुनेने उघडलं. आतल्या खोलीत खिडकीजवळ दोन मशिनं होती, जमिनीवर पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे, आणि इस्पितळाच्या हिरव्या चादरींची उतरंड. मशिनमागे बाई बसल्या होत्या. साठी उलटलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, ओठांत दोन टाचण्या.

"बसा. पडदे की उशा?"

लवंगी उभीच राहिली आणि तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

मशिन थांबलं. बाईंनी टाचण्या काढून सुया टोचायच्या छोट्या गादीत खोचल्या. "नाव पाठ आहे," त्या म्हणाल्या. "चेहरा विसरले होते."

वाटेत लवंगीने केवढी तयारी केली होती. त्यातलं एक वाक्य आठवेना. ती एवढंच म्हणाली, "कापड सापडलं. आमच्याच घरात होतं. आईने आधीच कापून ठेवलेलं."

"किती?"

"सव्वा मीटर."

बाईंनी मान हलवली, दोनदा, सावकाश. "बरोबर. सव्वा मीटरच कमी होतं. टेप लावून दोनदा मोजलं होतं मी. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमची टेपही चोर आहे."

लवंगीला तोंड लपवावंसं वाटलं. हे वाक्य तिला आठवत नव्हतं, पण ते आपलंच, याची तिला शंका नव्हती.

सून पाणी घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. बाई बोलत राहिल्या, आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. "हिनेच वाचून दाखवलं मला. नवीन लग्न होऊन आलेली, बिचारीला वाटलं मला माहीत असेल. रोजच्या बायका येत राहिल्या हो, त्यांना माझा हात माहीत होता. नवीन माणूस यायचं थांबलं. लग्नाचं काम परत कुणी दिलं नाही. एका शाळेचे गणवेश ठरले होते, तिथल्या बाईंनी फोन केला, म्हणाल्या, तुमच्याबद्दल काही लिहिलंय म्हणे. मी म्हटलं, लिहिलंय खरं. पुढे काय बोलणार? ते खोटं आहे असं कुठे जाऊन लिहायचं, तेही माहीत नव्हतं."

"तुम्ही माझ्याकडे का नाही आलात?"

"आले होते. तुमच्या दारापर्यंत. तुमच्या आईंनी उघडलं. अंगात त्राण नव्हतं त्यांच्या, भिंत धरून उभ्या होत्या. मी पाणी मागितलं, प्यायले आणि परत फिरले."

बाहेर कुणीतरी सायकलची चेन चढवत होतं, त्याचा करकर आवाज येत राहिला.

"मी सगळं काढून टाकते," लवंगी म्हणाली. "काही करून काढते. एक अक्षर ठेवत नाही."

"तसं नको."

"म्हणजे?"

"काढून टाकलंत तर ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यात मी चोरच राहणार ना? आणि तुमची पाटी मात्र कोरी." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तुमचं पहिलं वाक्य खरं आहे. खांद्यात माया कमी ठेवली, म्हणून उसवून सैल करता आला नाही. आतली शिवण जास्तीची ठेवायची असते, ती मी ठेवली नव्हती. उशीरही झाला. ती माझी चूक. पहिलं वाक्य राहू द्या. दुसरं खोटं आहे. ते खोटं आहे असं तिथेच लिहा, तुमच्या नावाने."

लवंगी हो म्हणाली. निघताना तिच्या लक्षात आलं की माफी मागायची राहिलीच. ती दारातून परत वळली आणि मागितली. बाई म्हणाल्या, "बरं," आणि मशिन सुरू केलं.

लिहायचं तर आधी ते जुनं खातं उघडायला हवं होतं. साइटवाल्यांनी तीन आठवड्यांनी कळवलं की ओळखपत्राची प्रत पाठवा आणि खातं काढताना ठरवलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न होता, तुमच्या आवडत्या शिक्षकांचं नाव काय? लवंगीने भूगोलाच्या बाईंचं नाव टाकलं. चूक. संगीताच्या सरांचं. चूक. शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरांचं. चूक, आणि खातं आठवडाभर बंद. तिने ताईला विचारलं. दोघींत अजून जरा ताठरपणा होता, पण हे ऐकून ताईला राहवेना.

"त्या वयात तुला कुठला शिक्षक आवडायचा? कुणीच नाही!"

आठवड्याने लवंगीने उत्तराच्या चौकटीत टाकलं, 'कुणीच नाही'. खातं उघडलं. ती हसली, आणि चोवीस वर्षांच्या त्या पोरीची तिला जराशी कीवही आली.

मजकुराचे तिने सहा खर्डे केले. सातवा घेऊन ती पुन्हा निळ्या दाराशी गेली. दीड पान झालं होतं. त्यात लग्न होतं, बाबांचं जहाज होतं, आईचं आजारपण, कपाटातली चिठ्ठी, आणि माणसाने रागात लिहू नये यावर एक परिच्छेद. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरून वाचलं, खडूचा तुकडा उचलला आणि कापडावर खूण करावी तशा रेघा ओढत गेल्या.

"हे उपदेशाचं कशाला? आणि आईंना मध्ये का आणलंत?"

"खरं तेच लिहिलंय. कापड आईनेच..."

"खरं असेल. पण त्या आता उत्तर द्यायला नाहीत. माझ्याबद्दल लिहिलंत तेव्हा मी निदान जिवंत तरी होते."

लवंगीने कागद परत घेतला. शेवटी उरल्या त्या चार ओळी. "वरच्या मजकुरातलं पहिलं वाक्य खरं आहे. चोरीचा आरोप खोटा आहे. उरलेलं कापड आमच्याच घरात सापडलं. खात्री न करता मी एका कारागिराला चोर म्हटलं, त्याबद्दल माफी मागते." खाली पूर्ण नाव.

पेंटरला दाखवलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "बाई, दुकान उघडायच्या महिन्यात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. आज हे तिसऱ्या पानावर आहे. तुम्ही हात लावलात की ताजं होईल, पहिल्या पानावर येऊन बसेल. तुमचं नाव शोधणाऱ्याला आधी हेच दिसेल."

"दिसू दे."

"मी ते गाडायला निघालो होतो."

"माझ्या नावावरून ते खाली गेलं असतं हो. त्यांच्या नावावरून कसं जाणार होतं? तिथे दुसरं काहीच नाही."

पेंटरने संगणकावर उघडलेली पानं मिटली. मग म्हणाला, "पूर्वी बरं होतं. पाटीवर नाव चुकलं तर मालक शिव्या घालायचा, मी शिडी लावून पुसायचो," आणि पाठदुखीचे लेख त्याने तूर्त बाजूला ठेवले.

झालं अगदी त्याने सांगितल्याप्रमाणे. केंद्र सुरू झालं त्या आठवड्यात तिचं नाव शोधलं की पहिल्या पानावर, आभाराच्या पत्राच्याही वर, 'एका कारागिराला चोर म्हटलं' हे दिसू लागलं. अस्थिरोगाच्या ज्या डॉक्टरांनी रुग्ण पाठवायचा शब्द दिला होता, त्यांनी फोन करून विचारलं, हे काय आहे? तिने आहे तसं सांगितलं. ते "हं" म्हणाले. त्यांच्याकडून महिन्याला दहा जण यायचे होते, येत राहिले तिघे. बाकीचे का आले नाहीत हे तिला कधीच कळलं नाही, आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही. पहिले दोन महिने सांगाडा आणि ती, अशी दोघंच दुपारी खोलीत असायची. शेजारचा किल्लीवाला अधूनमधून डोकावून म्हणायचा, "आज कोण आलं का?" तेव्हा तिला त्याचा रागही यायचा.

तिसऱ्या महिन्यात एक आजी आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, खुब्याचं हाड जोडलेलं, हातात काठी. दांडे धरून चार पावलं चालल्या आणि थांबून म्हणाल्या, "त्या शिवणवाल्या बाईंचं लिहिणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो."

"माझ्या सुनेने दाखवलं. ती म्हणाली, नको जायला. मी म्हटलं, हिच्याकडेच जाते. माझा पाय सुधारत नसेल तर ही बाई तसं तोंडावर सांगेल. बाकीचे सगळे आपले छान छान म्हणत बसतात."

"मीही छान म्हणते हो, आजी."

"खोटं म्हणू नका म्हणजे झालं. आणि त्या बाईंचा पत्ता द्या. मला दोन झगे सैल करून घ्यायचेत."

लवंगीने पत्ता लिहून दिला आणि बेल वाजत नाही तेही सांगितलं. आजींच्या मागोमाग त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या, मग एकीचे यजमान. एकदम गर्दी झाली नाही, पण दुपारच्या खुर्च्या भरायला लागल्या. पेंटरनेही पाठदुखीचे लेख हळूच चढवून दिले. ते वर जाऊन बसले, पण त्या चार ओळी पहिल्या पानावरून हलल्या नाहीत. मुलाखत देताना, नव्या इस्पितळाशी करार करताना तिने ते आधीच सांगून टाकायची सवय लावून घेतली. समोरच्याला ते दुसरीकडून कळण्यापेक्षा हे तिला सोपं वाटायचं.

ताईने तो मोरपिशी तुकडा पोस्टाने पाठवून दिला. लवंगी तो घेऊन बाईंकडे गेली तेव्हा त्यांनी बोटांत धरून कापडाचा पोत पाहिला, म्हणाल्या, "चांगलं होतं हो कापड," आणि परत दिला. मैत्री वगैरे काही झाली नाही त्यांची. बाई तिला पुढेही तुम्हीच म्हणत राहिल्या.

सुनेने मात्र एक काम केलं. सासूच्या शिवणकामाचे सहा फोटो काढून तिने दुकानाच्या नावाचं पान उघडलं. वर्षभरात तिथे सात-आठ जणांनी चार बरे शब्द लिहिले. मग एका दुपारी लवंगी एका रुग्णाचा खांदा हलवून घेत असताना बाईंचा फोन आला. त्यांनी तो पहिल्यांदाच केला होता.

"आमच्या पानावर नवीन आलंय, वाचलंत?"

लवंगीने रुग्णाला हात टेकवून ठेवायला सांगितलं आणि पाहिलं. कुणीतरी लिहिलं होतं, काम सुबक, पण चार दिवस उशीर. "वाचलं. सुनेला उत्तर लिहायला सांगा."

"लिहीत होती ती. मशिनची सुई तुटली म्हणून उशीर झाला, असं. मी म्हटलं, सुई बदलायला काय चार दिवस लागतात? उशीर झाला, एवढंच लिही."

"मग लिहिलं?"

"लिहिलं. बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर," लवंगी म्हणाली. फोन ठेवून ती रुग्णाकडे वळली, त्याचं कोपर तळहातावर घेतलं आणि हात हळूहळू वर न्यायला लागली.